हातोडीचा कान

हातोडी अर्ध्या किलोची, दांडा अ‍ॅश लाकडाचा.
माझ्याआधी ती एकहार्ट टेन्येसची होती.
एकोणीस वर्षं मी पुलांच्या पोटाखाली उभी राहते
आणि ठोकते.
भरीव काँक्रीट टण्ण म्हणतं.
पोकळ काँक्रीट नुसतं खाकरतं,
उत्तर टाळणाऱ्या माणसासारखं.
तिथे मी पिवळ्या खडूने गोल काढते.

वेना नदीवरच्या लोरबेकच्या पुलाला
पहिल्या वर्षी चार गोल होते.
मी लिहिलं : दुरुस्ती हवी, लवकर.
जिल्हा कचेरीचं उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत :
यंदा तरतूद नाही.
पुढच्या वर्षीही भाषा सभ्यच होती.
गोल सव्वीस झाले होते.

रेडिओवर अर्थखात्याचे कुणी गृहस्थ सांगत होते,
नातवंडांच्या डोक्यावर आम्ही कर्ज ठेवणार नाही.
आवाज छान होता.
मी गाडीच्या डॅशबोर्डवर बोटाने टकटक केलं.
सवय.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
आम्ही पाय आखडून झोपलो, सगळं गाव,
आणि रात्रभर कुणीतरी अंथरूणच कुरतडत होतं.
वहीत त्याचा आवाज येत नाही.
वहीत शिल्लक शून्य,
शून्याखाली दोन रेघा, पट्टी धरून मारलेल्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
माझ्याच सहीने पूल बंद झाला.
नूरेत्तिनची शाळेची बस आता
एकवीस किलोमीटरचा वळसा घेते.
नातवंडं अंधारात चढतात,
काचेला डोकं टेकून झोपतात.
वीब्के ओस्टेनडॉर्पच्या बेकरीत
पलीकडच्या काठाचं गिऱ्हाईक येईनासं झालं.
सुटे पैसे माझ्या तळहातावर मोजताना ती म्हणाली,
खडूवाल्या त्या तुम्हीच ना?
मी हो म्हटलं.
पाव इतका गरम होता की धरवत नव्हता.

मग राजधानीत वाद पेटला.
कुणी म्हणे, घटनेतला लगाम सैल करा,
कुणी म्हणे, एकदा सुटलं घोडं की व्याज सोसवणार नाही.
ब्रसेल्सहून टक्के आले, टक्क्यांवर तळटिपा आल्या.
टीव्हीवर दोन प्राध्यापक एकमेकांना
फार आदराने खोटं ठरवत होते.
आणि एका पहाटे लगाम सैल झाला.
सगळ्यांसाठी सारखा नाही.

माझ्या टेबलावर नवा अर्ज.
रकाना सात : पट्ट्यांवर चालणारं वाहन, वजन किती पेलेल?
भरलेली शाळेची बस अठरा टन.
रणगाडा बासष्ट.
अठरासाठी आठ वर्षं पैसा नव्हता,
बासष्टसाठी अकरा आठवड्यांत निघाला.

मला हसायचं होतं.
बेकरीतल्या ओलेस्याला हे सांगितलं
तर ती ट्रे पुसत राहिली.
म्हणाली, आमच्याकडचे पूल ठणठणीत होते.
तुमची हातोडी टण्णच म्हणाली असती.
आता नदीत आहेत ते.
मी हसू गिळलं.
त्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नव्हता.

नवा पूल उभा राहिला.
मी शिकाऊ यानिकला हातोडी दिली,
ठोक म्हटलं, डोळे मिटून ठोक.
टण्ण. टण्ण. टण्ण.
खडू खिशातच राहिला.
वर येऊन पाहिलं तर बेकरीला कुलूप,
आतल्या फळीवर किमतीच्या पाट्या तशाच,
राईचा पाव तीन युरो ऐंशी.
मी दारावर बोटाने ठोकलं.
यानिक म्हणाला, बाई, आत कुणी नाही.
माहीत आहे, म्हटलं.

नूरेत्तिन अजून वळशानेच जातो.
वेळापत्रक ऑगस्टपर्यंत बदलता येत नाही,
छापायला तरतूद नाही.